सासरेबुवांच्या बंदुकीला चष्मा

माणसाला जी काही बेअक्कल वाक्यं बोलायची असतील ती त्याने तोंडात घास असताना बोलावीत. ऐकणाऱ्याला अर्धी कळत नाहीत आणि वेळ निभावून जाते. मी माझं वाक्य पेस्टीचा, म्हणजे इकडच्या खिमा-बटाट्याच्या करंजीचा, शेवटचा तुकडा गिळून, वर पाणी पिऊन, खणखणीत आवाजात बोललो. शाळेच्या बँडला शिकवण्यात उभी हयात गेल्यामुळे माझा आवाज मागच्या रांगेतल्या ढोलवाल्यापर्यंत पोचतो. इथे तर टेबलाभोवती चारच माणसं होती.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "बंदुकीवर एक दुर्बीण बसवून टाकू."

झालं होतं ते असं. आमच्याकडे, मिशिगनच्या या वरच्या टोकाला, नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, बँक अर्धी बंद, आणि दात दुखला तर तो दुखत ठेवावा लागतो, कारण दंतवैद्यही जंगलात असतो. माझे सासरे वाइनो केरानेन यांनी पोरवयापासून एकही मोसम चुकवलेला नाही. गेल्या मोसमात मात्र ते पहाटेपासून आपल्या आडोशात बसले, समोर शिंगं दिसली, त्यांनी बंदूक रोखली, आणि तशीच रोखून दुपारपर्यंत बसून राहिले. हरीण हलेना. अंगावर बर्फ साचलं तरी हलेना. शेवटी शेजारच्या आडोशातला गॉर्डी डबा खायला म्हणून आला आणि म्हणाला, "वाइनोकाका, त्या उपटलेल्या झाडाच्या मुळाशी तुमचं काही वैर आहे का?"

त्यांनी गोळी झाडली नाही हे त्यांचं मोठेपण. ते स्वतः म्हणत, "मला संशय आलाच होता. इतकं सभ्य जनावर आपल्याकडे नाही." पण गोष्ट गावभर झाली. मग पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी, आमच्याकडे जेवताना, माझ्या बायकोने, आयलीने, हळूच विषय काढला.

"बाबा, मी काय म्हणते, या वर्षापासून बंदूक कपाटातच राहू दे."

 सासरेबुवांनी हातातली वेलदोड्याच्या पावाची फोड बशीत ठेवली आणि बशी जराशी पुढे सरकवली. एवढंच. पण मी माणसांचं गप्प राहणं आयुष्यभर ऐकलंय; संगीतातला तो निम्मा भाग. हे गप्प राहणं विश्रांतीचं नव्हतं. आणि म्हणून, केवळ त्या बशीकडे बघवेना म्हणून, मी ते वाक्य बोललो.

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण बसवणार?"

"मी," मी म्हणालो.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही?"

आमच्या लग्नाला तीस वर्षं उलटून गेली, पण या गृहस्थांनी मला कधी लायल म्हणून हाक मारली नाही. खाणीत राबलेल्या माणसाला, हवेत काठी हलवून पोट भरणारा जावई म्हणजे काहीतरी फसवणूक वाटत असावी. जंगलातल्या आमच्या खोपीवर मी दरवर्षी जायचो, पण आचारी म्हणून. बंदुका बाहेर पडल्या की मी भांडी घासायचो. 'तुम्ही?' या एका शब्दात हे सगळं होतं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

चौथा माणूस म्हणजे गॉर्डी रोबेर्ज, आमचा शेजारी. परमेश्वराने त्याला सल्ला देण्यासाठी जन्माला घातलं आणि थोडा वेळ उरला म्हणून नळदुरुस्ती शिकवली. तो म्हणाला, "सोपं आहे रे! एका दुपारचं काम." गॉर्डीने ज्या ज्या कामाला एक दुपार सांगितली आहे त्यांतलं आमच्या न्हाणीघराचं अजून चालू आहे.

बंदुकीबद्दल सांगायला हवं. ती फिनलंडच्या सैन्यातली. सासरेबुवांचे वडील लढायांना कंटाळून तो देश सोडून इकडे आले आणि त्यांच्या या चिरंजीवांनी पहिल्या पगारात त्याच देशाची, लढाईत वापरून झालेली बंदूक मागवली. त्या काळी बंदुकाही बी-बियाण्यासारख्या टपालाने यायच्या. वडील म्हणे आठवडाभर बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी ती हातात घेतली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भूर्ज आहे. आपल्याकडचं." आणि डोळे पुसत तडक गोठ्यात गेले.

अशा वस्तूला हात लावायचा म्हणजे गावाचं मत घ्यावं लागतं. घ्यावं लागतं म्हणजे ते मिळतंच. सहकारी दुकानात कॉफीचं एक टेबल आहे, त्यावर दोन दिवसांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, सरळ वर भोकं पाडा आणि दुर्बीण ठोका. दुसरा म्हणे, ऐतिहासिक वस्तूला भोक पाडणाऱ्याचे हात झडतील. मी कोपऱ्यात साखर ढवळत होतो. माझं मत कोणी विचारलं नाही.

भोकं पाडूनही भागणार नव्हतं, हे मला घरी आल्यावर कळलं. या बंदुकीचा गोळी आत सरकवायचा दांडा आडवा बाहेर आलेला. तो वर उचलला की बरोबर तिथे येतो जिथे शहाण्यासुरत्या बंदुकीची दुर्बीण असते. शिवाय गोळ्याही वरूनच भरायच्या. तेव्हा दुर्बीण पुढे, नळीवर, जिथे नेम धरायची जुनी खाच होती तिथे बसवणं भाग होतं. डोळ्यापासून हातभर लांब. म्हणजे चष्मा नाकावर न घालता समोरच्या खुंटीला टांगून वाचायचं, तसला प्रकार.

"माझ्याकडे एक पडलेली आहे," गॉर्डी म्हणाला आणि आपली जुनी दुर्बीण घेऊन आला. आम्ही ती नुसती हाताने पुढे धरून पाहिली. तिच्यातून जग सदऱ्याच्या गुंडीएवढं दिसलं. त्या गुंडीत माझं पोस्टाचं खोकं होतं, पण ते कोणत्या गावचं हे सांगता आलं नसतं.

"लांबून बघायची वेगळी मिळते म्हणे," गॉर्डी म्हणाला, जणू हे तो पहिल्यापासून सांगत होता.

ती वेगळी मी मागवली. सोबत नळीवर बसवायची लोखंडी पट्टीही मागवली. भोक नको, कापाकापी नको, फक्त जुनी खाच काढायची आणि तिच्या जागी पट्टी सरकवायची, असं त्यावर लिहिलेलं होतं. 'फक्त' हा शब्द लिहिणाऱ्याने त्या खाचेची खीळ पाहिली नव्हती. सत्तर-ऐंशी वर्षं ती तिथे बसली होती. लढायांनी तिला हलवलं नव्हतं. मी तेल घातलं. मी हातोडी वापरली. मी समजुतीचे चार शब्दही वापरून पाहिले.

या सगळ्याला प्रेक्षक होते. सासरेबुवा रोज सकाळी न्याहारी करून माझ्या गॅरेजमध्ये यायचे, बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे.

"मास्तर, हातोडी तशी धरत नसतात. ती ताल धरायची काठी नव्हे."

"हो बाबा."

"आणि मारताना डोळे मिटू नका. समोर बँड नाहीये."

शेवटी गॉर्डीने सांगितलं, लोखंड तापवा, सैल होतं. आग लावायची माझी छाती नव्हती, म्हणून मी आयलीचं केस वाळवायचं यंत्र आणलं. बराच वेळ मी त्या बंदुकीला गरम वारा घातला. दार उघडलं तेव्हा आयली केसांतून पाणी निथळत उभी होती. तिने बंदुकीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग बापाकडे आणि मग माझ्याकडे. ज्या क्रमाने पाहिलं त्यावरून माझं घरातलं स्थान स्पष्ट झालं.

"तिचं झालं की माझा नंबर लावा," ती म्हणाली.

आणि त्याच क्षणी खीळ सुटली. खीळ सुटली, खाच उडाली, आणि खाचेखालची एक चिमुकली कमान, म्हणजे स्प्रिंग, टुणकन उडून जमिनीवर आपटली, दोन उड्या मारून सांडपाण्याच्या जाळीतून खाली गेली. अगदी सुरात गेली. 'टिंग' असा स्वच्छ वरचा सा.

"काय पडलं?" आयलीने विचारलं.

"काही नाही."

"मग तू पालथा पडून जाळीत हात का घालतोयस?"

सासरेबुवा बादलीवरून म्हणाले, "राहू दे गं. आता दुर्बीण बसणार ना, मग खाच कशाला लागतेय?" मला वाटलं, माझी बाजू घेतली. तो सुखद गैरसमज मी पुढे बरेच दिवस जपला.

पट्टी बसली. दुर्बीणही बसली. आता नेम जुळवून बघायचा होता, आणि त्यासाठी गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबचं मैदान हवं. क्लबचं सभासद व्हायचं तर सुरक्षेचा वर्ग करावा लागतो, वयाला सूट नाही. म्हणून मी, साठी ओलांडलेला निवृत्त शिक्षक, बालवर्गातल्यासारख्या खुर्चीत गुडघे छातीला लावून बसलो. आजूबाजूला सगळी शाळकरी मुलं. आणि शिकवायला वांडा सिरोनेन! माझीच जुनी विद्यार्थिनी. पाच वर्षं माझ्याकडे क्लॅरिनेट वाजवत होती.

"सर, नळी खाली. सर, बोट बाहेर. सर, खिडकीबाहेर काय आहे? सर, तुमच्यामुळे सगळे थांबलेत."

ही सगळी वाक्यं माझीच होती. फक्त नळीच्या जागी त्या वेळी क्लॅरिनेट असायचं. मी पहिल्या फटक्यात पास झालो नाही, हे इथे नमूद करतो आणि पुढे जातो.

पुढे गेलो तो नियमावलीवर आदळलो. क्लबच्या नियमाप्रमाणे दुर्बिणीच्या बंदुका लांबच्या टेबलांवर, आणि जुन्या लष्करी बंदुका त्यांच्या ठरलेल्या दिवशी, पण नुसत्या डोळ्याने नेम धरायच्या. आमची बंदूक जुनी, लष्करी, आणि वर दुर्बीण! तिला धड या पंगतीत पान नाही, धड त्या पंगतीत. वांडा म्हणाली, कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटी बसली. एकाने विचारलं, दुर्बिणीवर कापड टाकलं तर ती नुसत्या डोळ्याची धरता येईल का? दुसरा म्हणाला, हा पायंडा पडला तर उद्या लोक तोफा आणतील. मी आणि सासरेबुवा मागच्या बाकावर बसलो होतो. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "फिनलंड आणि रशियाचा तह याच्यापेक्षा लवकर झाला होता." अखेर ठराव झाला: शेवटचं टेबल, आडवारी, वांडाच्या देखरेखीखाली, आणि 'अपवाद म्हणून'. आमच्या खानदानात अपवाद म्हणून मान्यता मिळण्याची पाळी माझ्यावर दुसऱ्यांदा आली, पहिली लग्नात.

पहिली गोळी मी झाडली. बंदूक कशी उसळते हे वर्गात सांगितलेलं होतं, पण माझ्या खांद्याला कोणी सांगितलं नव्हतं. टोपी मागे, मी तिच्याही मागे. समोर लक्ष्याच्या चौकटीचा एक लाकडी पाय तुटला आणि चौकट अदबीने वाकून खाली बसली.

"सर," वांडा म्हणाली, "कागदावर मारायचं असतं."

दुर्बीण बोटभर पुढे सरकली होती. स्क्रू आवळला, पुन्हा झाडली, पुन्हा सरकली. ती बंदुकीवरून पळून जाऊ पाहत होती, आणि मला तिचं मन कळत होतं. गॉर्डी त्या दिवशी हौसेने आला होता. त्याने आपला बिअरचा डबा संपवला, खिशातल्या कात्रीने त्याची पट्टी कापली आणि म्हणाला, "ही दुर्बिणीखाली घाल." मी घातली. दुर्बीण हलायची थांबली. कमिटीचा ठराव, सुरक्षेचं प्रमाणपत्र आणि माझा अख्खा उन्हाळा एका बाजूला, बिअरच्या डब्याची पट्टी दुसऱ्या बाजूला. पारडं कुठे झुकलं ते सांगायला नको. पुढच्या खेपेला माझ्यासारख्याच्या हातूनसुद्धा कागदाच्या मधल्या गोलात भोकं पडली. वांडाने शाबास म्हटलं. पाच वर्षांत मी तिला किती वेळा शाबास म्हटलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि सोडून दिला.

मग सासरेबुवांना घेऊन गेलो.

सप्टेंबर संपत आला होता. मैदानाच्या कडेचे मेपल लाल झालेले. सासरेबुवांनी ठेवणीतला लोकरी सदरा घातला होता आणि दाढीही केली होती. टेबलाशी बसून त्यांनी बंदूक खांद्याला लावली. ती अशी बसली की जणू खांदाच तिच्यासाठी घडवला होता.  ते नेम धरून राहिले. मग त्यांनी डोकं वर केलं.

"मास्तर, काच पुसा."

मी पुसली. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"धुकं आहे आत. ओली झालीय ती. सारखं दूध दिसतंय."

मी पाहिलं. कागदावरचे गोल, गोलांतला आकडा, चौकटीवर बसलेला एक नाकतोडा, सगळं लख्ख दिसत होतं. वांडाने पाहिलं. तिने दुर्बिणीवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.  गॉर्डीने पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडेही सल्ला नव्हता.

"काय? धुकं आहे ना?" सासरेबुवांनी विचारलं.

कोणी उत्तर देईना.  तेव्हा मला कळलं, की एवढे महिने आम्ही सगळ्यांनी मिळून बंदुकीचं औषधपाणी केलं. तिला तेल लावलं, शेक दिला, तिच्यासाठी कमिटी बसवली. पण ज्या माणसाला दिसत नाही त्याला 'तुम्हाला दिसत नाही' एवढं म्हणायची छाती आमच्यापैकी एकाचीही झाली नाही. दुर्बीण हे त्या न म्हटलेल्या वाक्यावर घातलेलं झाकण होतं. आणि ते झाकण मीच घातलं होतं, जेवणाच्या टेबलावर, खणखणीत आवाजात.

"नाही बाबा," मी म्हणालो. "दुर्बिणीत धुकं नाहीये."

त्यांनी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, बोटांनी चाचपून गोळ्यांचा कप्पा रिकामा असल्याची खात्री केली, आणि उठले.

परतीच्या वाटेवर गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे तोंड तिकडे होतं. सरोवर लागलं तेव्हा म्हणाले, "एल्मासुद्धा डॉक्टरला नुसतं दाखवायला म्हणून गेली होती."

एल्मा म्हणजे माझ्या सासूबाई. पोटात दुखतंय म्हणून इस्पितळात गेल्या त्या परत आल्या नाहीत. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सासरेबुवांच्या तोंडून मी ती प्रथमच ऐकली.

"तिने जाताना पीठ मळून ठेवलं होतं," ते म्हणाले. "म्हणाली, फुगेपर्यंत येते."

 अशा वेळी शहाणी माणसं काहीतरी समजूतदार बोलतात. मी म्हणालो, "डोळ्याला पीठ लागत नाही, बाबा."

हे वाक्य अजून मला रात्रंदिवस छळतं. याला अर्थ नाही. पण सासरेबुवा माझ्याकडे वळले आणि त्यांच्या छातीतून खरखर सुरू झाली. मला वाटलं, झालं काहीतरी. ते हसत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही पोरांना काय शिकवलंत हो इतकी वर्षं?" आणि मग, रस्त्याकडे बघत, "तुम्ही सोबत येणार असाल तर डोळे दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाल्या, मोतीबिंदू, चांगला पिकलाय, यापूर्वीच यायला हवं होतं. सासरेबुवा म्हणाले, "आम्ही दुर्बीण बसवत होतो." बाईंनी मान डोलावली. रोज तऱ्हेतऱ्हेची माणसं बघत असाव्यात. शस्त्रक्रिया म्हणाल तर मी बाहेर बसून नासकी कॉफी संपवतोय तोवर झाली. मी मनातल्या मनात उन्हाळाभराच्या कष्टांचा तिच्याशी हिशेब मांडू लागलो होतो, पण तेवढ्यात त्यांना चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आणलं. डोळ्यावर कवच, आणि हात पुढे करून ते माझा हात शोधत होते. मग हिशेब राहिला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत कवच निघालं. आयली समोर उभी होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "तुझे केस कधी पिकले गं?"

आयलीने हसायचा प्रयत्न केला. "चार-पाच वर्षं झाली, बाबा."

"मला कोणी सांगितलं नाही."

तिने मान फिरवली. मी पर्स धरून उभा होतो. मग त्यांची दृष्टी माझ्यावर आली. वरपासून खालपर्यंत त्यांनी मला पाहिलं, माल ताब्यात घेण्यापूर्वी बघतात तसं.

"आणि हे एवढे म्हातारे! मी समजत होतो, पोरगेलासा जावई आहे. हातोडी धरता येत नाही म्हणून बोलायचो. माहीत असतं तर बोललो नसतो."

घरी गेल्यावर दोन दिवस त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर घासलं. "या घाणीत जेवत होतो मी! आणि तुम्ही बघत होतात!" मग दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आणि मग एका सकाळी ते माझ्या गॅरेजमध्ये आले, बादलीवर न बसता सरळ बंदूक उचलली, खांद्याला लावली, दारातून बाहेर पाहिलं.

"माशी दिसतेय! धार दिसतेय तिची!" नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या टिचभर माशीबद्दल ते बोलत होते. मग कपाळाला आठ्या पडल्या. "आणि ही पाण्याची नळी मध्ये कोणी बसवली?"

"मी, बाबा. आपण."

"आता काय गरज हिची? काढा. खाच परत बसवा."

मी सांडपाण्याच्या जाळीकडे पाहिलं. त्यांनीही जाळीकडे पाहिलं. आता त्यांना सगळंच दिसत होतं, हा या प्रकरणाचा वाईट भाग. गॉर्डीला बोलावलं. तो म्हणाला, जमीन फोडू, एका दुपारचं काम. आयली म्हणाली, फोडा, पण मी त्याआधी बहिणीकडे राहायला जाते. बदली कमान शोधली तर फिनलंडातल्या एका दुकानातून उत्तर आलं: यायला नाताळ उजाडेल. मोसम तर तोंडावर आलेला.

मोसम उघडला त्या पहाटे खोपीवर मी नेहमीप्रमाणे अंडी तळत होतो. सासरेबुवा दारात उभे राहिले. अंगावर केशरी डगला, हातात बंदूक, तिच्यावर ती दुर्बीण.

"गॅस बंद कर," ते म्हणाले. "भांडी राहू देत. चल."

"मी?"

"मला या नळीतून बघायची सवय नाही. तूच जुळवलीयस ना ती? मग तूच धर."

आडोशात आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो. तिथे एका माणसापुरतीच जागा आहे. थंडीने माझं नाक गळत होतं. हळूहळू झाडं वेगळी होऊ लागली, मग फांद्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "ते बघ. सीडरच्या डावीकडे."

मला काहीच दिसेना. मी दुर्बिणीतून पाहिलं, आणि ते एकदम समोर आलं. जिवंत, मोठ्या शिंगांचं, पापण्यांवर बर्फ, नाकातून वाफ. माझं काळीज ढोलासारखं वाजायला लागलं, आणि तेही चुकीच्या तालात. मी नेम धरला. श्वास सोडला, वांडाने शिकवल्यासारखा. बोट ओढलं.

काही झालं नाही.

पुन्हा ओढलं. काही नाही. या बंदुकीला मागे एक गुंडी आहे, ती ओढून फिरवल्याशिवाय चाप चालत नाही, हे मी उन्हाळाभर पाठ केलं होतं. ती फिरवायला दोन माणसांचं बळ लागतं आणि फिरताना ती कुरकुरते. ती कुरकुरली. हरणाने मान वळवली, आमच्याकडे थोडं कीव आल्यासारखं पाहिलं, आणि दोन उड्यांत गेलं.

मी खाली बघत बसलो. आता शब्द येणार याची वाट पाहत होतो. माझ्या शेजारी खांदा हलायला लागला. वाइनो केरानेन तोंडावर हातमोजा दाबून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी डोळे पुसले, जपून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसे.

"आण इकडे," ते म्हणाले.

मी गोळ्या काढून बंदूक त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती खांद्याला लावली आणि दुर्बिणीतून पाहू लागले. समोर आता रिकामं रान होतं. बर्फ, सीडर, वाळकं गवत. ते बघतच राहिले. मला वाटलं, हरीण फिरून आलं.

"काय दिसतंय, बाबा?" मी कुजबुजलो.

"काही नाही," ते म्हणाले. बंदूक त्यांनी खाली घेतली नाही. "पण काय स्वच्छ दिसतंय रे, लायल."